वाहनवाल्यांनी किल्ल्या हुजुरास हवाली केल्या ते वर्तमान

श्री. जी चढणीस बळ देते आणि उतरणीस आवर घालते, त्या मार्गदेवतेस प्रथम दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली एका मुलखी तेलाचा भाव चढला आणि वाहनांवर नवी पट्टी बसली, तेणेंकरोन वाहनवाल्यांनी काय केले, सरकारातून काय उत्तर जाहले आणि शेवट कैसा लागला, हे लिहून ठेवावे ऐसे चार थोरांचे मनी आले, म्हणोन जैसे पाहिले व ऐकिले तैसे लिहिले आहे. मुलखाचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक आहे त्यास सांगणे नलगे आणि ज्यास ठाऊक नाही त्याचे गावीही तेल महागच असेल.

त्या मुलखी राजधानी घाटावर आणि मोठी पेठ घाटाखाली. मधला घाट खैराचे रानातून वळणे घेत चढे. सरकारची मोठी गाडी पूर्वी घाटातून चाले, ती एके साली वळणावर बंद पडली, ती दुरुस्तीस नेली आणि परत आली नाही. मग रयतेचे जाणेयेणे सारे खासगी जीपगाड्यांवर आले, ज्यांस त्या प्रांती वडाप म्हणतात. बाजारकरी, पोरीबाळी, कचेरीत खेटे घालणारे, दवाखान्यास जाणारे, सर्व त्याच गाड्यांत दाटीने बैसत आणि घाट चढत. वडापवाल्यांत वडील म्हणावे ऐसे हुसेनभाई नदाफ, दाढी पिकलेली, बोलणे थोडके, त्यांचा शब्द गाडीतळावर कोणी मोडीत नसे. आणि त्याच तळावर बायजाक्का मुळीक म्हणोन एक बाई गाडी चालवीत होती. गाडी तिचे बापाची. बापाचे डोळ्यांस दिसेना जाहले तेव्हा गाडी विकावी ऐसे भावकीत बोलले गेले, तेव्हा बाई म्हणाली, "इकायची कशाला? मी हाय की." आणि दुसरे दिवशी खासा स्टिअरिंगावर बैसली. प्रथम लोक तिची गाडी सोडोन मागचीत बैसत. मग एका पावसाळी घाटात दरड आली आणि बाईने गाडी मागे मागे घेत भरली तशी सुखरूप खाली आणिली, ते दिवसापासोन लोक तिचीच गाडी येईतो थांबू लागले.

तिचे गाडीत अनंत गुरुजी म्हणोन शाळेतून निवृत्त जाहलेले गृहस्थ हप्त्यातून दोनदा राजधानीचे दवाखान्यास जात. मूत्रपिंडे निकामी, यंत्रावर रक्त शुद्ध करोन घ्यावे लागे, न घ्यावे तर श्वास कोंडे. पुढील बैठक त्यांची ठरलेली. वाटेत येणाऱ्या ट्रकांवरील अक्षरे मोठ्याने वाचावीत आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक काढावी, ऐसा त्यांचा प्रघात. "बायजे, 'आशीर्वाद' बघ कसा लिहिलाय. ह्या ट्रकाला आशीर्वाद लागायचा नाही," ऐसे बोलावे, आणि बाईने हसावे, आणि घाट सरावा.

ऐसे चालिले असता परमुलखी कोठे लढाई लागली म्हणोन तेलाचा भाव चढला. रयत बोलिली, लढाईस इलाज नाही. मग लढाई मिटली आणि तेल उतरले नाही. कोणी कचेरीत विचारले तेव्हा उत्तर आले की तहासही खर्च लागतो. मग राजधानीचे रस्ते सुशोभित करणे म्हणोन तेलावर अधिभार बसला, आणि अधिभाराचे वसुलीस माणसे लागली म्हणोन त्यांचा खर्च पुनः तेलावर बसला. इकडे वडापाचे भाडे सरकारठरावाचे, त्यावर दमडी अधिक घेईल त्याची गाडी जप्त. वाहनवाले वरून दाबले आणि खालून बांधले, ऐशी गत जाहली. तरी ते गाड्या हाकीत होते. तो करखात्याचे अमात्य रंगराव यांनी नवी मसलत काढिली की जुनी वाहने धूर फार करितात, सबब जुन्या वाहनांवर 'जुनाटपट्टी' नामे नवा कर बसवावा, आणि ज्याची पावती नसेल त्यास नाक्यावरोन पुढे सोडू नये. हुकूम सुटला, नाक्यांवर फलक लागले, वसुली पुढील महिन्यापासोन ठरली. पेठेतील वडापांत नवी गाडी एकही नव्हती.

मग सारे वाहनवाले पंपाजवळील वडाखाली मिळाले आणि बहुत कल्लोळ जाहला. कोणी म्हणे रस्ता अडवू, कोणी म्हणे गाड्यांस बैल जुंपून कचेरीवर नेऊ. जालिंदर खोत म्हणोन एक तरणाताठा वाहनवाला, अंगी ताप फार, तो बोलिला, "नाकाच पेटवू, मग कळंल त्यांस्नी." हुसेनभाईंनी सर्वांचे ऐकोन घेतले आणि मग बोलले, "रस्ता अडवला तर लोकांचा अडतो. सरकारचा कुठं अडतोय? त्यांच्या मोटारींत तेल खजिन्यातनं पडतं. त्यापेक्षा असं करू. किल्ल्याच देऊन टाकू. म्हणावं, ह्या गाड्या तुमच्या, हे तेल तुमचं, ही पट्टी तुमची, भाडं तुम्हीच ठरवलेलं. आता चालवून दाखवा." मंडळी एकच गलका करोन हो म्हणाली. बायजाक्का मात्र बोलिली, "आन् गुरुजींस्नी कोण न्हेनार, भाई?" हुसेनभाई म्हणाले, "किल्ल्या सरकारकडं, तर सरकारनं न्यावं. न्यायलाच पायजे." बाई बोलिली, "न्यायलाच पायजे म्हंजे नेतीलच असं कुटं हाय?" मग ज्याने त्याने आपापले देवाची आण घेतली की किल्ल्या दिल्यावर पट्टी उठेतो स्टिअरिंगास हात लावणार नाही. बायजाक्कानेही घेतली, परंतु सर्वांचे मागून आणि खाली बघत घेतली.

दुसरे दिवशी पेठेतील झाडून साऱ्या गाड्या ओळीने घाट चढोन राजधानीस गेल्या. भोंगा कोणी वाजविला नाही. कचेरीपुढील पटांगणी गाड्या उभ्या केल्या, हातब्रेक ओढिले, आणि हुसेनभाईंनी तबकात सर्व किल्ल्या घालोन अमात्यांपुढे ठेविल्या. पूर्वी गड पडे तेव्हा किल्लेदार ऐसेच किल्ल्या पुढे ठेवीत. येथे गड पडला की घेतला हे पाहणारास समजेना. रंगराव अमात्य हे हुशार गृहस्थ, बोलणे मृदू, राग बाहेर दिसो न देणारे. त्यांनी मनात विचार केला की नाही म्हणावे तर हार दिसते, म्हणोन हसोन बोलले, "रयत स्वखुशीने वाहने सरकारजमा करिते, यापरती राजनिष्ठा कोणती?" आणि चिटणिसास सांगोन तैसे लिहून घेतले. मग दप्तरातील ज्या कारकुनांस मोटार चालविता येत होती त्यांस बोलावोन एकेक किल्ली दिली. वाहनवाले पायी घाट उतरले. बायजाक्काने वळणावर एकवार मागे पाहिले आणि मग पाहिले नाही.

प्रथम सारे ठीक चालिले. कारकून मंडळी अदबीने वागत, प्रत्येक उतारूस पावती देत, दाटी करो देत नसत. लोक म्हणो लागले की हे बरे आहे. वाहनवाल्यांचे चेहरे उतरले आणि जालिंदर तर तोंड लपवोन फिरो लागला. परंतु गाड्यांचे टाक्यांत तेल होते ते मालकांनी भरलेले होते. ते सरले तेव्हा कारकुनांनी दप्तरात तेल मागितले, तो असे निघाले की सरकारी वाहनांचे तेलाची मंजुरी गेले सालचे भावाने होते. पैका ठरला तितकाच मिळाला, आणि त्यात तेल मात्र निम्मे आले. कारकुनांनी अर्ज केले. अर्जांवर शेरा पडला की वाहन जपून चालवावे.

बायजाक्काची गाडी मोरेश्वर दाबके नामक कारकुनाकडे आली होती. मनुष्य सालस, घरी म्हातारी आई, नोकरीत कधी ताशेरा नाही. त्याने गुरुजींचे येण्याचे दिवस विचारोन घेतले होते आणि त्यांची पुढील बैठक राखोन ठेवी. ते दिवशी गुरुजी बैसले, गाडी घाटास लागली, आणि ऐन मध्यावर, जेथे एकीकडे कडा आणि दुसरीकडे दरी, तेथे तेल सरोन गाडी थांबली. थांबली ती मागे सरो लागली. दाबक्यांनी उतरोन चाकामागे धोंडा सारिला, तो धोंडा नीट बैसेतो त्यांचे उजवे हाताची बोटे खाली सापडली आणि चेचली. गाडी राहिली. बाकीचे उतारू पायी चढो लागले. गुरुजींस चालवेना, ते गाडीतच राहिले आणि दाबके रुमाल हातास बांधोन त्यांजपाशी बैसले. वरोन एक दूधवाला सायकलीवर उतरत होता, त्याजबरोबर खाली निरोप धाडिला.

दूधवाल्याने पंपाशी येवोन सांगितले तेव्हा तेथे बायजाक्का आणि हुसेनभाई दोघेही होते. बाईने पंपावरोन एक कॅन घेतला, आपले पदरचे पैसे देवोन डिझेल भरिले, आणि चालो लागली. जालिंदर आडवा आला आणि म्हणाला, "अक्का, आण घेतलीया आपुन. सरकारची गाडी बंद पडली, हेच तर पायजे हुतं न्हवं? आता सारा मुलूख बघंल." बाई बोलिली, "बघू दे की. पर त्या गाडीत मानूस हाय." तो म्हणाला, "मग आमी येडे म्हनून बसलोय व्हय घरी?" तेव्हा हुसेनभाई बोलले, "तेल न्यायला आण आड येत नाही. जाऊ दे तिला." आणि बाईस म्हणाले, "स्टिअरिंगाला हात लावू नको, बायजा." बाई म्हणाली, "बघते." धोंडे वाहणारी एक बैलगाडी घाटाचे पायथ्यापर्यंत जात होती, तीत बैसोन बाई पायथ्यास गेली आणि तेथोन कॅन कधी डोईवर, कधी काखेस घेवोन चढली. उन्ह फार होते. डिझेल हिंदकळोन लुगड्यावर सांडले, त्याचा वास तिचे डोक्यात बसला, परंतु ती कोठे टेकली नाही.

गाडीपाशी पोहोचली तो गुरुजी बैठकीवर एका कुशीस कलंडलेले, ओठ निळसर, पाय सुजलेले. समोरोन एक ट्रक उतरत आला, त्याचे कपाळावर ठळक अक्षरे होती, आणि त्यांत चूकही होती, परंतु गुरुजींनी ती वाचिली नाहीत. तिने टाकीत तेल ओतिले, कोरड्या पडलेल्या इंजिनातील हवा काढिली आणि दाबक्यांस म्हणाली, "चला, बसा स्टिअरिंगावर." दाबक्यांनी रुमाल सोडोन हात दाखविला. बोटे काळीनिळी, मूठ वळत नव्हती. ते म्हणाले, "बाई, माझ्याने गिअर पडायचा नाही." बाई थोडा वेळ उभी राहिली. खाली पेठ दिसत होती, गाडीतळ दिसत होता. मग तिने कपाळास हात लावोन देवीस काहीसे बोलिले, ते कोणास ऐको आले नाही, आणि गाडीवर चढोन किल्ली फिरविली. दाबके मागे गुरुजींस धरोन बैसले, आणि गाडी निघाली.

घाटमाथ्यावर नाका लागला. पट्टीची वसुली त्याच सकाळपासोन सुरू जाहली होती. नाकेदार पुढे येवोन म्हणाला, "जुनाटपट्टीची पावती?" दाबके म्हणाले, "गाडी सरकारजमा आहे. सरकार सरकारास पट्टी कशी देईल?" नाकेदार म्हणाला, "मग सरकारी वाहनाचा पास दाखवा." पास अद्याप दप्तरातून निघाला नव्हता. नाकेदार वाईट मनुष्य नव्हता. त्याने आत डोकावोन गुरुजींकडे पाहिले आणि त्याचे तोंड उतरले. म्हणाला, "साहेब, मला दिसतंय सगळं. पण पावती नाही, पास नाही, आणि मी दांडा उचलला तर उद्या माझ्या घरी चूल पेटणार नाही." दाबके जन्मात कधी हुकुमाबाहेर गेले नव्हते. मग गाडीतून उतरले आणि म्हणाले, "तर मग तुम्ही जरा तिकडे तोंड करून उभे राहा." आणि डावे हाताने जोर करोन नाक्याचा दांडा खासा उचलोन धरिला. बायजाक्काने गाडी काढिली. दाबके धावत येवोन मागे चढले. गुरुजी दवाखान्यात पोहोचले, यंत्रास लाविले गेले, आणि संध्याकाळचे सुमारास डोळे उघडोन म्हणाले, "बायजे, तुझी तर आण होती ना?" बाई म्हणाली, "व्हती." आणि बाहेर जावोन ओसरीवर बैसोन पुष्कळ रडली. आण मोडल्याचे दुःख आणि गुरुजी वाचल्याचे सुख, दोन्ही एकदाच आले, त्यांतील कोणते कोणते हे तिचे तिलाच उमजेना.

दुसरे दिवशी कचेरीत मोठा बोभाटा जाहला. अमात्यांनी दाबक्यांस बोलावोन म्हटले, "त्या बाईने सरकारी गाडी बळाने नेली आणि दांडाही तिनेच उचलला, ऐसे लिहून द्या. तुमची नोकरी राहील." दाबके बोलले, "दांडा मी उचलला." अमात्यांनी पुनः विचारले, दाबक्यांनी पुनः तेच सांगितले. मग सरकारी वाहन विनापरवाना हाकिले म्हणोन बायजाक्कावर आणि नाका मोडिला म्हणोन दाबक्यांवर, ऐसे दोन आरोप ठेवोन प्रकरण हुजूर गेले. महाराज त्या दिवशी दरबारी बैसले होते. त्यांनी सर्व ऐकोन बाईस विचारिले, "बाई, गाडी कोणाची?" बायजाक्का घाबरली होती, परंतु नीट उभी राहोन बोलिली, "किल्ली दिली तवा सरकारची झाली, म्हाराज. तेल संपलं तवा कुनाचीच नव्हती, दरीच्या तोंडाला हुबी हुती. मग त्यात तेल मी घातलं." महाराज अमात्यांकडे वळोन बोलले, "रंगराव, भाव आपण चढविला आणि आपलेच गाडीस आपलेच तेल पुरले नाही, हे काय जाहले?" अमात्य म्हणाले, "मंजुरीचे काम चालू आहे, महाराज." महाराज म्हणाले, "ते चालू असो. पट्टी उठवा."

मग हुकूम जाहले ते येणेंप्रमाणे की, जुनाटपट्टी माफ व्हावी, किल्ल्या ज्याच्या त्यास द्याव्या, तेलाचा भाव थोडासा उतरावा, बाईवरील आरोप काढावा. दाबक्यांनी नाका उचलला हे त्यांनीच कबूल केले होते, सबब त्यांस माफी देता आली नाही. त्यांस मुलखाचे टोकास, जेथे डाक आठवड्याने येते, तेथील ठाण्यात पाठविले. ते आईस घेवोन गेले. जाते दिवशी बायजाक्काने त्यांचे बोचके आपले गाडीत घातले आणि भाडे घेतले नाही. दाबक्यांनी ते बळेच बैठकीवर ठेविले. रंगराव अमात्यांनी रयतेतील असंतोष वेळीच शमविला म्हणोन त्यांस दरबारातून शालजोडी मिळाली.

किल्ल्या परत आल्या त्या दिवशी गाडीतळावर पेढे वाटिले गेले. परंतु जालिंदराने पेढा घेतला नाही. तो बोलिला, "भाई, पट्टी उठली ते चांगलं झालं. पर आमी घरात शिळं खाऊन बसलो, कुनी आण मोडली न्हाई. अक्कानं मोडली. त्याचं काय?" काही जण त्यास चूप करो लागले, तेव्हा बायजाक्का खासा म्हणाली, "त्याला बोलू द्या. खरं हाय ते. मोडली मी." हुसेनभाईंनी दाढीवरोन हात फिरविला. मग बोलले, "आण मोडली ती मोडली. माणसासाठी मोडली, तरी मोडलीच. दंड न लावला तर पुढच्या वेळी कुणाच्या आणेला किंमत राहायची नाही. बायजा, महिनाभर तुझा नंबर रोज शेवटचा." बाई म्हणाली, "बरूबर हाय, भाई." जालिंदराने मान खाली घातली आणि पेढा घेतला.

दुसरे दिवशी सकाळी गाड्या ओळीने लागल्या. बायजाक्काने आपली गाडी सर्वांचे मागे नेवोन उभी केली आणि काच पुसो लागली. इतक्यात पहिल्या नंबरावरोन हुसेनभाईंनी गाडी काढिली, उतारू बैसले होते त्यांस उतरवोन दुसरे नंबराचे गाडीत बैसविले, आणि तळास वळसा घालोन गाडी आणोन बाईचे गाडीमागे लाविली. बाई म्हणाली, "भाई, हे काय? शेवटचा नंबर माजा हाय." हुसेनभाई इंजिन बंद करोन म्हणाले, "हाय की. माझा त्याच्या मागचा." आणि बिडी पेटविली. मग थोडे वेळाने जालिंदर आला आणि त्याने आपली गाडी हुसेनभाईंचे मागे लाविली. ते दिवशी गाड्या सुटावयास बहुत उशीर जाहला आणि उतारू चिडले.

तात्पर्य. जुनाटपट्टी उठली ती पुनः बसली नाही. तेलाचा भाव उतरला होता तो दसऱ्यापूर्वीच मागील ठिकाणी गेला आणि वर चढला, त्याचे कारण आता परमुलखीचा पाऊस सांगतात. वाहनवाले कुरकुरत घाट चढतात. गुरुजी हे लिहितेवेळी हयात आहेत. जे जाहले ते लिहिले, जे व्हावयास हवे होते ते लिहिण्याचा आम्हांस हुकूम नाही. लेखनसीमा.